मुद्रा आणि डाव

माइक कॅरो यांचें पोकरमधील देहबोलीवरील पुस्तक १९८४ सालीं निघालें. हातीं दुबळीं पानें असतां मनुष्य ऐट मिरवितो व बळकट पानें असतां उदासीनतेचें सोंग घेतो, हा त्यांतील मुख्य सिद्धांत मार्मिक आहे. छायाचित्रेंही बोलकीं आहेत. तथापि नवशिक्यानें येथून आरंभ करूं नये, असें आमचें मत आहे. टेक्सस होल्डेमच्या पहिल्या वाटणीनंतर, आपलीं दोन पानें वगळतां, प्रतिपक्ष्याच्या हातीं १२२५ जोड्या संभवतात. त्यानें पैज केव्हां वाढविली, केव्हां नुसती बरोबरी केली, हें ध्यानीं घेऊन न जुळणाऱ्या जोड्या गाळीत जाणें, हेंच खरें वाचन. त्यावांचून जो चेहरा न्याहाळतो, त्यास तेथें स्वतःची आशाच दिसते; आणि आशेवर लावलेली पैज महाग पडते. ही सवय जडल्यावरच प्रस्तुत पुस्तक उघडावें.