वीस ते पन्नास केबी : एका सूचनेचे परीक्षण

परीक्षण करायचे ते पुस्तकाचे किंवा नाटकाचे, असा प्रघात आहे. पण काही मजकूर असे असतात की ते कोणी विकत घेत नाही, तरी लाखो जण डोळ्यांत तेल घालून वाचतात आणि त्यांतल्या एका ओळीवर त्यांचे वर्ष अवलंबून असते. संगणकावरून भरायच्या अर्जासोबतची सूचनापत्रिका हा असा मजकूर आहे. तीत छायाचित्र आणि सही यांविषयी चार-पाच ओळी असतात. बँकांच्या भरतीच्या अर्जांसोबत वर्षानुवर्षे आलेल्या अशा ओळींचा सारांश असा : छायाचित्र २०० गुणिले २३० चित्रबिंदूंचे, फाईल २० ते ५० केबी, सही १४० गुणिले ६० चित्रबिंदूंची, फाईल १० ते २० केबी, दोन्ही जेपेग स्वरूपात. इतर कित्येक अर्जांत चित्रबिंदूंचा उल्लेखही नसतो. 'फोटो ५० केबीपेक्षा कमी' एवढेच लिहिलेले असते.

या ओळी विज्ञानाच्या शिक्षकांनी एकदा तपासून पाहाव्यात, असे आम्हांला वाटते. अर्ज अडला की विद्यार्थी आपल्याकडेच येतो, आणि 'सायबर कॅफेत जाऊन बारीक करून आण' यापलीकडे आपण त्याला फारसे काही सांगत नाही.

आधी सूचनेच्या बाजूने जे बोलायला हवे ते बोलू. मर्यादा घालणे मुळात चुकीचे नाही. आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केले. त्या दशकातला चांगला मोडेम सेकंदाला २८,८०० बिट पाठवी. ५० केबीची फाईल म्हणजे चार लाख बिट. ती जायला १४ सेकंद लागत. आजच्या मोबाइलवर काढलेला ४ एमबीचा फोटो त्याच तारेतून जायला साडेअठरा मिनिटे लागली असती. आज तारा रुंद झाल्या, पण अर्जदारही वाढले. दहा लाख अर्जदारांचे फोटो ५० केबीचे असतील तर साठा ५० जीबीचा होतो. ४ एमबीचे असतील तर ४,००० जीबीचा. शेवटच्या तारखेच्या संध्याकाळी सगळे एकदम धावतात तेव्हा हा फरक जीवघेणा ठरतो. म्हणून मर्यादेचा हेतू रास्त आहे. आमचा आक्षेप मापाच्या निवडीवर आहे.

चित्राला दोन वेगवेगळी मापे असतात. एक, चित्रबिंदूंची संख्या, म्हणजे कापडाचे आखूड-लांब असणे. दुसरे, फाईलचा आकार, म्हणजे ते कापड घडी घालून ज्या पिशवीत कोंबले ती पिशवी. प्रत्येक चित्रबिंदूला लाल, हिरवा, निळा अशा तीन रंगांसाठी तीन बाइट लागतात. २०० गुणिले २३० म्हणजे ४६,००० बिंदू. त्यांचे १,३८,००० बाइट, म्हणजे सुमारे १३८ केबी. हे कापड ५० केबीच्या पिशवीत बसवायचे तर ते जवळपास एक-तृतीयांश करावे लागेल. जेपेगला हे सहज जमते; चेहरा उत्तम राहतो. म्हणजे दोन्ही मापे दिलेली सूचना छायाचित्रापुरती शहाणपणाची आहे.

आता फक्त 'केबी' सांगणारी सूचना घ्या. मुलाने मोबाइलवर ४,००० गुणिले ३,००० बिंदूंचा फोटो काढला. बिंदू एक कोटी वीस लाख. जेपेग चित्राचे आठ गुणिले आठ बिंदूंचे चौकोन पाडते. ते झाले १,८७,५००. ५० केबीचे चार लाख बिट त्यांत वाटले तर प्रत्येक चौकोनाच्या वाट्याला दोनच्या वर थोडे बिट येतात. दोन बिटांत चौसष्ट बिंदूंचे वर्णन करा, असे आपण संगणकाला सांगतो आहोत. नेहमीच्या जेपेगमध्ये एवढ्यात कोऱ्या भिंतीचे चित्रही नीट बसणे कठीण. मग मूल 'क्वालिटी' कमी करत जाते, चेहऱ्यावर फरशा उमटतात आणि तरी फाईल मोठीच राहते. उपाय सोपा आहे : आधी चेहऱ्यापुरता भाग कापा, मग बिंदू कमी करा, आणि गुणवत्तेला हात सर्वांत शेवटी लावा. हा क्रम सूचनेत एका ओळीत मावला असता. तो नसणे हा या मजकुराचा पहिला दोष.

दुसरा दोष समजायला जेपेगच्या पोटात शिरावे लागेल. या पद्धतीच्या मुळाशी जे गणित आहे ते नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध केले. अहमद मूळचे बेंगळूरचे. या कल्पनेवर काम करण्यासाठी त्यांनी १९७२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानकडे निधी मागितला होता, तो मिळाला नाही. पुढे १९९२ मध्ये जेपेगचे मानक ठरले ते याच गणितावर.

गणिताचा आशय असा : चौकोनातले चौसष्ट आकडे जसेच्या तसे न लिहिता, तो चौकोन चौसष्ट ठरावीक नक्ष्यांच्या मिश्रणाने बनला आहे असे मानायचे. पहिली नक्षी सपाट, म्हणजे सरासरी उजेड. पुढच्या नक्ष्या क्रमाने बारीक होत जातात. गाल, आकाश, भिंत यांत उजेड हळूहळू बदलतो, म्हणून तिथे बारीक नक्ष्यांचे प्रमाण शून्याच्या आसपास असते. ते शून्यच धरले तर डोळ्याला कळत नाही. रंगांचे बारकावे तर डोळा उजेडाच्या बारकाव्यांपेक्षाही कमी टिपतो, म्हणून रंगाची माहिती बहुधा आणखी विरळ करतात. म्हणजे जेपेग नुसती घडी घालत नाही, ते कापडातले धागे काढून टाकते. पण कोणते धागे गेल्याचे माणसाला कळणार नाही, हे त्याला ठाऊक असते.

सहीला हे लागू पडत नाही. पांढऱ्या कागदावरची काळी रेघ म्हणजे उजेडाची एकदम तुटलेली कडा. तिला सगळ्या बारीक नक्ष्या लागतात. त्या काढल्या की रेघेभोवती माश्या घोंगावल्यासारखे करडे ठिपके दिसतात. सही, नकाशा, फळ्यावरचा मजकूर, प्रश्नपत्रिका यांना पीएनजीसारखे स्वरूप हवे, ज्यात माहिती टाकून दिली जात नाही. पीएनजी १९९६ पासून उपलब्ध आहे. तरी सहीसाठी जेपेगचीच सक्ती करणे म्हणजे भाजी कापायला दिलेल्या विळीनेच दाढी करा म्हणण्यासारखे आहे.

तिसरा दोष आम्हांला सर्वांत गंभीर वाटतो. सहीला किमान १० केबी हवेत ही अट पाहा. १४० गुणिले ६० म्हणजे ८,४०० बिंदू. काळा की पांढरा एवढेच नोंदवायचे तर प्रत्येकाला एक बिट पुरतो. ८,४०० बिट म्हणजे १,०५० बाइट, जेमतेम १ केबी, आणि तेही काहीही न दाबता! तीन रंगांत लिहिली तरी पूर्ण माहिती २५ केबीची. १० केबीची अट पाळायची तर ही चिमुकली सही जवळजवळ न दाबताच ठेवावी लागते. एखाद्या मुलीने स्वच्छ कागदावर ठळक सही केली, नीट कापली, योग्य बिंदूंत बसवली, तर तिची फाईल ३-४ केबीची होऊ शकते आणि अर्ज अडतो. अस्पष्ट सह्या येऊ नयेत हा हेतू असेल, तर तो समजण्यासारखा आहे. पण वजनावरून अक्षर वाचता येत नाही. मळकट कागदावरची धूसर सही जड भरते, कारण जेपेग मळाचेही वर्णन करत बसते. म्हणजे ही अट नेमके चांगले काम करणाऱ्याला शिक्षा देते.

मापाला अर्थ समजण्याची पद्धत किती महागात पडते याचे एक उदाहरण जगापुढे आहे. ऑगस्ट २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकशास्त्रज्ञाने दाखवून दिले की झेरॉक्स कंपनीच्या काही स्कॅनरांतून निघालेल्या प्रतींत आकडेच बदलत होते. एका घराच्या नकाशात तीन खोल्यांची क्षेत्रफळे १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर होती. प्रतीत तिन्ही खोल्या १४.१३ झाल्या. फाईल लहान करण्यासाठी यंत्र सारखी दिसणारी अक्षरे एकदाच साठवून पुन्हा पुन्हा वापरत होते आणि 'सारखे' ठरवताना चुकत होते. प्रत स्वच्छ, ठसठशीत, आणि खोटी! जेपेग बिघडले की निदान दिसते. इथे तेही दिसत नव्हते. कंपनीला दुरुस्ती पुरवावी लागली. यातून घ्यायचा धडा हा, की चित्र किती लहान झाले हे विचारण्याआधी त्यातले काय टिकले पाहिजे हे ठरवावे लागते. आपल्या सूचनापत्रिका हे ठरवतच नाहीत.

त्याची किंमत कोण मोजतो? ज्याच्या घरी संगणक आहे त्याचे निभते. बाकीचे फोटो 'बारीक' करून देणाऱ्याला पैसे देतात, किंवा 'फोटो ५० केबी करा' अशा कुठल्याही अनोळखी संकेतस्थळावर आपला चेहरा आणि सही सोपवून मोकळे होतात. आपली सही परक्याच्या हाती देऊ नये असे आपण मुलांना शिकवतो. सूचना त्यांना तेच करायला लावते.

चांगली सूचना लिहिणे अवघड नाही. चित्रबिंदू किती हवेत ते सांगावे. फाईलची कमाल मर्यादा द्यावी, किमान देऊ नये. सहीसाठी पीएनजी चालावे. आणि खरे म्हणजे कापण्याचे, लहान करण्याचे काम अर्जाच्या पानानेच करावे. हे आजच्या संगणकाला क्षणाचे काम आहे.

तोवर वर्गात एक तास याला द्यावा. आलेख-कागदावर आठ गुणिले आठचे दोन चौकोन आखा. एकात डावीकडून उजवीकडे हलकेच गडद होत जाणारी छटा भरा, दुसऱ्यात 'क' काढा. प्रत्येक घराला ० ते ९ असा उजेडाचा आकडा द्या, आणि मग चौसष्ट घरांत त्या त्या चौकोनाची सरासरी भरा. छटेचे फारसे बिघडत नाही, 'क' मात्र नाहीसा होतो. त्यानंतर एखादी सूचनापत्रिका फळ्यावर लिहा आणि मुलांनाच तिचे परीक्षण करू द्या. सूचना पाळण्याआधी तिचा हिशेब करून पाहायची सवय अर्ज भरून झाल्यावरही त्यांच्या उपयोगी पडेल.