अठरा तास आणि बारा महिने

एप्रिल महिना लागला की मराठवाड्यातल्या महाविद्यालयांत, अभ्यासिकांत आणि बुद्धविहारांत 'सलग अठरा तास अभ्यास' या उपक्रमाचे फलक लागतात. पहाटे सहाला वाचन सुरू होते, रात्री बाराला संपते. मधे चहा, भोजन, एखाद्या पाहुण्याचे चार शब्द. शेवटी प्रमाणपत्र. बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करीत, म्हणून त्यांच्या जयंतीनिमित्त आपणही एक दिवस तसे बसावे, ही त्यामागची भावना.

या उपक्रमाची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. ज्यांच्या पूर्वजांना अक्षराच्या सावलीलाही उभे राहू दिले गेले नाही, त्यांच्या मुलांनी आपल्या महामानवाला अभिवादन करण्यासाठी ग्रंथ उघडून बसावे, ही गोष्ट मिरवणुकीतल्या डीजेपेक्षा केव्हाही श्रेष्ठ आहे. परंतु एक प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. एकोणिसाव्या तासाचे काय? ती मुले दुसऱ्या दिवशी काय वाचतात, कोणाशी त्याविषयी बोलतात, पुढच्या एप्रिलपर्यंत त्यांच्या हाती कोणते पुस्तक येते? या प्रश्नाचे उत्तर ज्या नियोजनात नाही, त्याला वाचनाचे नियोजन म्हणता येणार नाही. तो वाचनाचा उत्सव झाला.

उत्सवांची आपल्याकडे वाण नाही. २०१५ पासून १५ ऑक्टोबर हा दिवस शासन 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून साजरा करते. २०२५ च्या १ ते १५ जानेवारीत 'वाचन संकल्प महाराष्ट्राचा' हा पंधरवडा झाला. शहरातल्या सुशिक्षित तरुणांमध्ये आता जानेवारीत आकडा ठरवण्याची रीत आहे: यंदा पन्नास पुस्तके, यंदा शंभर. मोबाईलवर त्याचा हिशेब ठेवला जातो आणि त्याला 'चॅलेंज' म्हणतात. हे आव्हान कोणी कोणाला दिले, हे मात्र कळत नाही. पुस्तकाने वाचकाला दिलेले आव्हान आम्हाला समजते. 'जेव्हा मी जात चोरली होती' वाचून झाल्यावर माणूस पूर्वीसारखा राहत नाही, त्याला आपल्या आसपासच्या जगाशी नव्याने भांडावे लागते. पण आकड्याचे आव्हान स्वीकारणारा वाचक नकळत पातळ पुस्तके निवडू लागतो, आणि ज्या पानापाशी थांबायला हवे तेथूनच भरभर पुढे जातो. आकड्याला पुनर्वाचन मान्य नसते. आमच्या समाजाची गरज तर नेमकी पुनर्वाचनाची आहे.

आता येरमाळ्याचा विचार करू. धाराशिव जिल्ह्याच्या कळंब तालुक्यातले, सोलापूरहून बीडकडे जाणाऱ्या महामार्गावरचे हे गाव महाराष्ट्राला येडेश्वरीसाठी ठाऊक आहे. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला येथे लाखोंचा समुदाय लोटतो, आणि भाविक रानात चुनखडीचे खडे वेचतात. २०२५ साली चैत्र पौर्णिमा १२ एप्रिलला आली, म्हणजे भीमजयंतीच्या दोन दिवस आधी. वेचणे आणि वाचणे एकाच आठवड्यात! पण या योगायोगापेक्षा महत्त्वाची एक गोष्ट आहे. या टापूचे खरे पंचांग देवीचेही नाही आणि शाळेचेही नाही. ते साखर कारखान्याचे आहे. दसरा-दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे टोळ्यांनी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात, ती मार्च-एप्रिलकडे परततात. त्यांच्यात बौद्ध आहेत, मातंग आहेत, वंजारी आहेत, भटके आहेत. जानेवारीत महाराष्ट्र जेव्हा वाचनाचा संकल्प सोडत होता, तेव्हा ही माणसे फडात होती आणि त्यांची लहान मुले कोपीपाशी वाढ्याच्या मोळ्यांवर बसलेली होती. शासकीय पंधरवड्याच्या परिपत्रकात त्यांना जागा नव्हती. जागा नसण्यात कोणाचा दुष्टपणा नसेलही. परंतु कोणाच्या वर्षाला 'वर्ष' मानायचे, हा निर्णय त्या परिपत्रकाने घेतलाच होता.

फडात नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. ज्याच्या आईबापांना मुकादमाच्या वहीत माणूस म्हणून नव्हे तर कोयता म्हणून मोजले जाते, त्या मुलाला आपण पुस्तकेही मोजायलाच शिकवणार आहोत काय?

आणि गंमत अशी की या माणसांच्या जगण्याशी जुळणारे वाचनाचे वर्ष आपल्याकडे आधीच तयार आहे. धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्रातल्या बौद्ध वस्त्यांत वर्षावासातील ग्रंथवाचनाची परंपरा रुजली. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी विहारात किंवा समाजमंदिरात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचला जातो. एकजण वाचतो, बाकीचे ऐकतात. हे तीन महिने म्हणजे नेमके तेच, जेव्हा ऊसतोड कुटुंब गावात असते. भिक्खूंनी पावसाळ्यात एका ठिकाणी थांबावे म्हणून अडीच हजार वर्षांपूर्वी जो नियम झाला, तो आज कारखान्याच्या हंगामाशी असा जुळून आला आहे. कोणत्याही शिक्षणतज्ज्ञाने समिती नेमून याहून योग्य कालावधी शोधला नसता.

तरीही या परंपरेची चिकित्सा केली पाहिजे. आपलेपणाच्या पोटी आपण ती टाळत आलो आहोत. अनेक ठिकाणी वर्षावासातले वाचन हे पारायण झाले आहे. समई, मेणबत्ती, ग्रंथावर फुले, वाचून झाल्यावर खीरदान. ग्रंथ संपतो आणि पुढच्या आषाढात पुन्हा पहिल्या पानापासून सुरू होतो. मधे कोणी हात वर करून विचारत नाही की, सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण बाबासाहेबांनी परंपरेपेक्षा वेगळे का सांगितले? वृद्ध, रोगी, प्रेत पाहून वैराग्य आले ही कथा त्यांनी नाकारली आणि रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य-कोलियांमध्ये पेटलेला तंटा पुढे आणला. पाण्याच्या वादातून बुद्धाच्या गृहत्यागाकडे जाणारा हा ग्रंथ चवदार तळ्याचा सत्याग्रह केलेल्या माणसाने लिहिला आहे. हा धागा दुष्काळी मराठवाड्यातल्या श्रोत्याला पहिल्याच आठवड्यात दिसला पाहिजे. तो दिसत नसेल तर दोष श्रोत्याचा नाही, वाचनाच्या पद्धतीचा आहे. आपण पोथी सोडली, पण पोथी वाचण्याचा सूर सोडला नाही.

बाबासाहेबांच्या वाचनातून घ्यायचे असेल तर तासांची संख्या नव्हे, प्रश्न घ्यावा. ते एखादा प्रश्न घेऊन ग्रंथालयात शिरत. रुपयाचा प्रश्न घेऊन लंडनला वाचले, त्यातून १९२३ चा ग्रंथ झाला. शूद्र कोण होते, या प्रश्नातून १९४६ चा ग्रंथ. अस्पृश्य मूळचे कोण, या प्रश्नातून १९४८ चा. आणि एकट्याच्या वाचनावर ते थांबले नाहीत. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली तेव्हा तिच्या उद्दिष्टांत वसतिगृहांबरोबर वाचनालये आणि अभ्यासमंडळेही होती. तिचे पहिले वसतिगृह १९२५ च्या जानेवारीत निघाले ते सोलापूरला, येरमाळ्यावरून जाणाऱ्या याच रस्त्याच्या टोकाला.

मोठ्याने वाचण्याची आपली परंपरा वर्षावासाहूनही जुनी आहे. जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड' छापून येण्याआधी गावोगावच्या सभांत वाचून दाखवला, बडोद्याला सयाजीरावांपुढेही वाचला. नारायण मेघाजी लोखंड्यांच्या 'दीनबंधू'ने त्यातली दोन प्रकरणे छापली आणि पुढची छापण्याचे धैर्य दाखवले नाही. म्हणजे जे पुस्तक आपल्याच चळवळीच्या पत्राला पेलले नाही, ते श्रोत्यांना आधी ऐकून माहीत होते! हे पुस्तक येरमाळ्याच्या श्रोत्यांसमोर एकेक प्रकरण करून वाचावे आणि प्रत्येक प्रकरणानंतर उचलीचा हिशेब काढावा. कर्ज, सावकार, कारकून यांची नावे तेवढी बदललेली दिसतील.

यादी करायचीच असेल तर ती फार मोठी असू नये. वर्षाला पाच-सहा पुस्तके पुरेत, पण ती परस्परांशी भांडणारी असावीत. 'बलुतं' (१९७८) एकटे वाचू नये. त्याच्याबरोबर बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६) वाचावे, म्हणजे आपल्याच घरातल्या पुरुषाने आपल्या बाईला कसे वागवले हे विहारात, बायकांच्या समोर, मोठ्याने वाचले जाईल. वर्षावासात ऐकणाऱ्यांत बहुसंख्य बाया असतात आणि वाचणारा बहुधा बाप्या. हे उलट झाले पाहिजे. बेबीताईंनी फलटणच्या आपल्या दुकानात पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीतून वाचनाची भूक भागवली आणि आपले लिखाण वर्षानुवर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले. कोणत्या चॅलेंजमध्ये या वाचनाची नोंद झाली असती?

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. १ ऑगस्टला अण्णा भाऊंची जयंती मातंग वस्तीत होते, १४ एप्रिलची बौद्ध वस्तीत, आणि दोन वस्त्यांच्या मधला रस्ता बहुतेक गावांत तसाच राहतो. १ ऑगस्ट हा दिवस वर्षावासातच येतो. 'फकिरा' (१९५९) ही कादंबरी अण्णा भाऊंनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली आहे. मग त्या आठवड्यात विहारातला ग्रंथ बाजूला ठेवून सर्वांनी मातंग वस्तीत जाऊन 'फकिरा' का वाचू नये? आणि त्याच बैठकीत मुक्ताबाईंचा १८५५ चा निबंध वाचावा. फुल्यांच्या शाळेतल्या या मांग मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी एका श्वासात लिहिले आहे. पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका शाळकरी मुलीला जे जोडता आले ते पदवीधर कार्यकर्त्यांना अजून जोडता येत नाही, हे आमच्या मते आजच्या आंबेडकरी वाचनावरचे सर्वांत कठोर भाष्य आहे.

पुस्तके मिळायची कोठून, हा आक्षेप खरा आहे. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे खंडरूपाने आणली, वसंत मून यांनी त्यांसाठी आयुष्य वेचले. तरी मागणी असूनही छपाई रखडली, इतकी की २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. १९६७ च्या कायद्याने गावोगाव ग्रंथालये झाली, अनुदानाचे अ, ब, क, ड वर्ग झाले. पण कपाटाची किल्ली ज्याच्याकडे असते तो संध्याकाळी घरी असतो. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला त्र्याण्णवावे साहित्य संमेलन भरले, ग्रंथांचे गाळे लागले. तेव्हाही येथल्या टोळ्या फडातच होत्या.

म्हणून वर्षाच्या नियोजनातले शेवटचे कलम आश्विन पौर्णिमेच्या बैठकीतच ठरले पाहिजे. टोळी ट्रॅक्टरवर चढते तेव्हा भांडी, पीठ, कोयते, पाचटाच्या कोपीसाठी दोऱ्या, सगळे मोजून घेतले जाते. त्या सामानात प्रत्येक टोळीमागे एक पुस्तक असावे, आणि टोळीत सातवी-आठवीपर्यंत शिकलेली जी कोणी सून वा मुलगी असेल तिच्याकडे ते सोपवावे. रोज वाचणे होणार नाही. पहाटे तीनला उठून फडात जाणाऱ्या बाईकडून ती अपेक्षा करणे हा क्रूरपणा होईल. गाडी कारखान्यावर खाली होण्यासाठी नंबर लागून खोळंबते, पावसाने तोड बंद पडते, अशा वेळी दोन पाने झाली तरी झाली. चैत्रात परत आल्यावर तिने ते पुस्तक कोठवर आले, कोणते पान ऐकताना कोण काय बोलले, एवढे सांगावे. जयंतीच्या व्यासपीठावर पाहुण्यांच्या आधी तिला दहा मिनिटे द्यावीत.