सूर्यावरच्या दरीतलं बोर

इथल्या आपल्या मुलांच्या कपाटात हॅरी पॉटरच्या शेजारी सी. एस. लुइस यांच्या नार्निया मालिकेची सात पुस्तकं बहुधा असतातच. त्यातलं १९५२ सालचं ‘द व्हॉयेज ऑफ द डॉन ट्रेडर’ मुलीबरोबर वाचताना माझं मन एका फळापाशी अडलं. मूळ नाव फायरबेरी. आपण त्याला अग्निबोर म्हणू.

प्रसंग असा. राजा कॅस्पियनचं जहाज पूर्वेच्या टोकाजवळ एका बेटाला लागतं. तिथे रामांडू नावाचा वृद्ध आपल्या मुलीसह राहतो. हा म्हणजे चक्क निवृत्त झालेला तारा! पहाटे बापलेक उगवतीकडे तोंड करून गातात, सूर्याकडून पांढऱ्या पक्ष्यांचे थवे येतात आणि त्यातला एक त्याच्या तोंडात झगमगतं फळ ठेवतो. सूर्यावरच्या दऱ्यांतलं हे बोर रोज त्याचं वय थोडं कमी करतं. तान्ह्या बाळाएवढा झाला की तो पुन्हा आकाशात उगवणार.

गंमत म्हणजे या बोराचं झाड लुइस दाखवतच नाहीत. पान नाही, काटा नाही. पहिल्या पुस्तकात (१९५०) लूसीला मिळालेलं औषध सूर्यावरच्या डोंगरांतल्या अग्निफुलांच्या रसाचं असतं, एवढीच काय ती खूण. पण ताकद या न दाखवण्यातच आहे. चोचीत फळ आहे की निखारा, हे पाहणाऱ्याला कळत नाही. बायबलमध्ये यशया संदेष्ट्याच्या ओठांना निखारा लावला जातो, त्याची ख्रिस्ती वाचकाला आठवण होणार. आपल्याला मात्र आठवतो उगवत्या सूर्याला फळ समजून झेपावलेला मारुती.

आणि आठवतो ययाती. खांडेकरांच्या कादंबरीने (१९५९) तो मराठी घराघरात पोहोचवला. ययातीला तारुण्य हवं असतं उपभोगासाठी, आणि किंमत मोजतो पुरू. रामांडूला ते हवं आहे पुन्हा कामावर रुजू व्हायला, आणि तो कुणाचं काही हिरावून घेत नाही. घाईही नाही. रोज एक बोर, बस्स. म्हातारपण उलटवण्याची इतकी सात्त्विक कल्पना मी दुसरीकडे वाचलेली नाही.

इथपर्यंत लुइसना पैकीच्या पैकी मार्क. तक्रार पुढची आहे. कॅस्पियन त्या मुलीशी लग्न करून तिला नार्नियात घेऊन जातो. मग बेटावर बापाजवळ कोण? तो तर दिवसागणिक लहान होणार, शेवटी पाळण्यातल्या बाळासारखा. त्याला सांभाळणार कोण? लुइस गप्प. ‘द सिल्व्हर चेअर’मध्ये (१९५३) ती मुलगी हिरव्या सर्पाच्या दंशाने गेलेली असते, कॅस्पियन जख्ख म्हातारा झालेला असतो, पण रामांडूचं काय झालं, हे कुणी विचारत नाही. मुलीला तर पुस्तकात नावही नाही. २०१० च्या चित्रपटाने तिला लिलियानडिल हे नाव दिलं, पण रामांडू आणि बोर दोन्ही गाळून टाकलं. म्हणजे प्रश्नच मिटला!

मला तो प्रश्न मिटवता येत नाही. म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण, असं आपण सहज बोलून जातो. माझे वडील ब्याऐंशी वर्षांचे आहेत. दर रविवारी फोनवर तेच तीन प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. त्यांच्याकडे रोज सकाळी येणारा पांढरा पक्षी म्हणजे वेळेवर गोळ्या देणाऱ्या मावशी. आणि जहाजात बसून निघून गेलेली ती बिननावाची मुलगी म्हणजे आपणच, नाही का?

तरीही पुस्तक मुलांना जरूर वाचायला द्या. फक्त चौदावं प्रकरण संपलं की जरा थांबा आणि विचारा, रामांडू अगदी लहान झाल्यावर त्याच्याजवळ कोण असेल? लुइसनी न दिलेलं उत्तर आपल्या घरात तरी शोधायला हवं.