अज्ञान कुणाचे?

आपल्या सभांतून, शिबिरांतून आणि लिखाणातूनही एक वाक्य ठरलेले असते : 'समाज अजून जागृत झालेला नाही.' मीही ते अनेकदा बोललो आहे. विश्रांतवाडीतल्या एका वस्तीत बोललो, तेव्हा मागे बसलेल्या एक बाई उठून म्हणाल्या, "दादा, आम्हांला कळतं. कळून करायचं काय, ते सांगा." नळाचे काम कुणाचे, रेशनकार्डाचे कुणाचे, पुनर्वसनाचे कुणाचे, हे त्यांनी माझ्यापेक्षा नेमके सांगितले. जाब कुणाला विचारायचा एवढेच त्यांना सापडत नव्हते. सापडणार तरी कसे? मार्च २०२२ मध्ये पुणे महापालिकेची मुदत संपली, आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत नगरसेवकच नव्हता. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घ्या, असे ७४ वी घटनादुरुस्ती सांगते. मग हे अज्ञान कुणाचे?

अमेरिकेत फिलिप कॉन्व्हर्स या अभ्यासकाने १९६४ मध्ये मांडले की, बहुसंख्य मतदारांची मते सुसंगत विचारसरणीत बांधलेली नसतात. असेलही. पण विचारसरणीची परिभाषा येणे म्हणजेच राजकारण कळणे, हे माप सुशिक्षितांचे आहे. आपले कार्यकर्तेही तेच माप वस्तीला लावतात, हे मला अधिक खटकते. बाबासाहेबांनी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे याच्या उलट भूमिका घेतली होती. आधी शहाणे व्हा, मग मत मिळेल, हे त्यांना मान्य नव्हते. सत्तेत वाटा मिळणे हेच राजकीय शिक्षण, असा त्यांचा युक्तिवाद होता.

विश्रांतवाडीपासून येरवड्याचा तुरुंग दूर नाही. २४ सप्टेंबर १९३२ रोजी तिथेच पुणे करार झाला. प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा मिळाल्या, पण स्वतंत्र मतदारसंघ गेला. कराराने एक गोष्ट मात्र राखली होती : प्राथमिक निवडणुकीत अस्पृश्य मतदारांनीच चार उमेदवार निवडायचे, आणि त्यांतून एक संयुक्त मतदारसंघाने. १९५० च्या राज्यघटनेत राखीव जागा राहिल्या, ही प्राथमिक निवड राहिली नाही. आज उमेदवार पक्ष ठरवतो. त्यात पुण्यात २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२६ मध्ये चार-चार सदस्यांचे प्रभाग झाले. चौघे निवडून आले की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवायला मोकळा. प्रतिनिधी आपल्या जातीचा असतो. तो आपल्याला बांधील असेलच असे नाही.

याचा अर्थ आपण निर्दोष आहोत, असे मी म्हणत नाही. सभागृह, मंडप, पाकीट यांवर मते वळतात, पोटजातीवरही वळतात. परंतु ज्याला पाच वर्षांत दुसरे काहीच मिळणार नाही, तो मिळेल ते आजच घेतो. ते चूकच आहे. पण त्याला अज्ञान म्हणणे ही आपली सोय आहे.

आपल्या साहित्याने अपमान आणि भूक यांची नोंद प्रामाणिकपणे केली. क्षेत्रीय कार्यालयाच्या दारात होणारी राजकीय फसवणूक मात्र त्यात फारशी आली नाही. कोणता ठराव कधी झाला, पैसा कुठे वळला, सही कुणाची होती, हेही आपलेच साहित्य आहे. जागृती करायला वस्तीत जाण्यापूर्वी आपण हा हिशेब हातात घेऊन जावे. त्या बाईंच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे अजून पुरते नाही. पण आता मी त्यांना 'जागे व्हा' म्हणणार नाही.