'ऊस' सापडतो, 'उसाला' सापडत नाही

आम्ही व्यवसायाने संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारे. बारामतीत बसून चार-दोन संकेतस्थळे चालवतो. अशा माणसाचा दिवस यंत्राशी बोलण्यात जातो, असा एक समज आहे. प्रत्यक्षात त्यातला बराच वेळ लोकांची पत्रे वाचण्यात आणि आपली चूक कुठे झाली ते शोधण्यात जातो. एका मे महिन्याच्या अखेरीस आलेल्या अशाच एका पत्रामुळे हा लेख लिहावासा वाटला.

पत्र इंदापूर तालुक्यातील अकरावीच्या एका विद्यार्थिनीचे होते. तिने लिहिले होते, "तुमच्या साइटवर उसाच्या हुमणीबद्दल काहीच नाही. मी 'ऊस हुमणी' असे लिहून पाहिले." वस्तुस्थिती उलटी होती. हुमणीवरचे एक चांगले टिपण आम्हीच तिथे ठेवले होते. त्याचे शीर्षक होते 'उसातील हुमणीचा बंदोबस्त'. वळवाचा पाऊस पडला की हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून बाहेर येतात आणि कडुलिंब, बाभूळ अशा झाडांवर जमतात. त्या थोड्या दिवसांत ते गोळा करून मारणे सोपे असते. पुढे अंडी घातली गेली, अळ्या मुळांशी पोचल्या, की पीक पिवळे पडेपर्यंत काही कळत नाही. म्हणजे टिपण हाती पडायला हवे होते ते नेमक्या त्याच आठवड्यात. ते होते, पण सापडले नाही. आणि 'सापडले नाही' याचा अर्थ त्या मुलीने 'नाही' असा घेतला. तिची यात काहीही चूक नव्हती. यंत्रानेच तिला तसे ठामपणे सांगितले होते.

हे का घडले?

संगणकाला अक्षर दिसत नाही. त्याच्याजवळ फक्त अंक असतात. युनिकोड नावाच्या जागतिक संकेतात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक दिलेला आहे. 'ऊ' चा क्रमांक २३१४ आणि 'स' चा २३६०. तेव्हा 'ऊस' म्हणजे २३१४, २३६०. 'उसातील' या शब्दाची सुरुवात मात्र २३१३ ने होते, कारण तिथे 'उ' ऱ्हस्व आहे. आमच्या प्रोग्रॅमने २३१४, २३६० ही जोडी टिपणभर शोधली. टिपणात 'उसाला', 'उसाच्या', 'उसावर' हे शब्द अनेकदा आले होते. पण 'ऊस' हे उघडे रूप एकदाही नव्हते. यंत्राने प्रामाणिकपणे 'नाही' असे उत्तर दिले.

मराठीच्या शिक्षकांना यातले मर्म सांगायला नकोच. विभक्तिप्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागण्यापूर्वी शब्दाचे सामान्यरूप होते, हे आपण दरवर्षी शिकवतो. ऊस – उसाला, दूध – दुधाचे, विहीर – विहिरीत. इथे उपान्त्य दीर्घ स्वर ऱ्हस्व झाला. कापूस – कापसाचे, लाकूड – लाकडाचे. इथे 'ऊ' पार नाहीसा झाला. पाऊस – पावसाने. इथे 'ऊ' च्या जागी 'व' आला. गावाच्या नावालाही यातून सुटका नाही. 'इंदापूर' शोधणाऱ्याला 'इंदापुरात' असे लिहिलेले पान मिळेलच असे नाही. ऊस, दूध, पाऊस, कापूस, विहीर हे आपल्या भागातल्या शेतीचे रोजचे शब्द. मराठी वाक्यात ते बहुतेक वेळा प्रत्यय लावूनच येतात. म्हणजे नेमके जे शब्द शोधले जाणार, तेच निसटणार.

शोधाची ही पद्धत आपल्याकडे आली ती इंग्रजीवर घडलेल्या साधनांमधून. इंग्रजीत 'ला', 'चा', 'त' यांचे काम करणारे शब्द बहुधा स्वतंत्र असतात. नामाचे अंग फारसे बदलत नाही. जो थोडा बदल होतो तो शेवटी. मार्टिन पोर्टर यांनी १९८० मध्ये इंग्रजी शब्दांचे प्रत्यय छाटण्याची एक सुटसुटीत पद्धत प्रसिद्ध केली आणि ती जगभर वापरली गेली. मराठीत नुसती शेपटी छाटून भागत नाही. 'उसाला' मधून 'ला' काढा, मग 'आ' काढा. हाती 'उस' राहते, 'ऊस' नव्हे. 'पावसात' ची शेपटी छाटली तर 'पावस' उरते, आणि पावस हे तर रत्नागिरी जिल्ह्यातील एक गाव! बारामतीचा शेतकरी पाऊस शोधायला निघाला आणि कोकणात पोचला, असा हा प्रकार.

इथे कोणी म्हणेल, हा दोष युनिकोडचा. तसे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यापूर्वीची स्थिती आठवून पाहा. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात मराठी मजकूर निरनिराळ्या फॉन्टमध्ये टंकलिखित होई. पडद्यावर मराठी दिसे, पण आतले अंक इंग्रजी अक्षरांचे असत. तो फॉन्ट दुसऱ्या संगणकावर नसला की सुंदर मराठी पत्राची जागा निरर्थक रोमन अक्षरे घेत. भारतीय लिप्यांसाठी एक समान संकेत असावा म्हणून आपल्याकडे काम झाले होते. त्यातून भारतीय मानक ब्यूरोचे 'इस्की' हे मानक १९९१ मध्ये आले. युनिकोडची देवनागरीची मांडणीही 'इस्की' च्या आधीच्या, १९८८ च्या आवृत्तीवरच बेतलेली आहे. आज पुण्यात लिहिलेले मराठी न्यू जर्सीत जसेच्या तसे उमटते, ही या संकेताची देणगी आहे, आणि ती लहान नाही.

पण अक्षर उमटवणे वेगळे आणि शब्द ओळखणे वेगळे. संकेताने पहिले काम केले. दुसरे काम संकेतस्थळ बांधणाऱ्यांचे होते, आणि ते आम्ही केले नाही. आमची टीका आहे ती इथे, आणि ती पहिल्याने आमच्यावरच आहे. पानावरची बटणे मराठीत केली, शीर्षक देवनागरीत लिहिले, की आम्ही 'मराठी संकेतस्थळ तयार' असे जाहीर करतो. ज्या स्थळाला सामान्यरूप माहीत नाही, ते देवनागरीचा अंगरखा घातलेले इंग्रजी स्थळच म्हटले पाहिजे.

अडचण एवढ्यावर संपत नाही. 'शेतकऱ्यांसाठी' हा शब्द घ्या. आपल्याकडच्या संकेतस्थळांवर तो जागोजागी असतो. त्यातला अर्धा 'र' दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत 'ऱ' (२३५३) आणि त्यापुढे हलन्त (२३८१) असतो. दुसरीत साधा 'र' (२३५२), हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारे जोडचिन्ह (८२०५) असते. पडद्यावर दोन्ही शब्द अगदी सारखे दिसतात. यंत्राच्या लेखी मात्र ते दोन निराळे शब्द आहेत. हे चिन्ह गाळून काम भागवावे, तर अर्थच बदलतो. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' यांत गुरू आणि स्वयंपाकी यांच्याएवढे अंतर आहे. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांत समुद्र आणि दरी यांच्याएवढे.

जुन्या मजकुराची गोष्ट आणखी वेगळी. बारामती ही मोरोपंतांची कर्मभूमी. त्यांचे काव्य, किंवा शंभर वर्षांपूर्वीचे कोणतेही मराठी पुस्तक, मूळ लेखनाप्रमाणे संगणकावर आणले तर त्यात 'गांव', 'नांव' असे अनुस्वार येणार. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी असे अनुच्चारित अनुस्वार गेले. आजचा विद्यार्थी 'गाव' शोधणार आणि जुने पुस्तक गप्प राहणार. नियम बदलला तो माणसांसाठी. जुने आणि नवे यांचे नाते यंत्राला कोणी सांगितलेच नाही.

मग उपाय काय? त्या पत्रानंतर आम्ही केला तो उपाय साधा आहे. मजकूर वाचकाला दाखवायचा तो जसाच्या तसा ठेवायचा. पण शोधासाठी प्रत्येक शब्दाचे एक सोपे रूप वेगळे साठवायचे. त्या रूपात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद ठेवायचा नाही, अर्ध्या 'र' च्या दोन्ही रीती एक मानायच्या, 'इन्दापूर' आणि 'इंदापूर' एकच धरायचे, ओळखीचे प्रत्यय छाटायचे. वाचकाने लिहिलेल्या शब्दावरही हेच संस्कार करायचे आणि मग दोन्ही रूपे ताडून पाहायची. 'ऊस' आणि 'उसाला' यांची गाठ पडते. 'पाऊस', 'कापूस' अशा शब्दांसाठी मात्र हाताने यादी करावी लागते.

या उपायाची किंमतही सांगितली पाहिजे. उजनीच्या फुगवट्यात भिगवणजवळ जाळे टाकणाऱ्यांना ती चांगली ठाऊक आहे. जाळ्याची भोके मोठी ठेवली तर मासळी निसटते, बारीक ठेवली तर नको ते सगळे वर येते. ऱ्हस्व-दीर्घ एक केले की 'दिन' आणि 'दीन' एक होतात, 'सुत' आणि 'सूत' एक होतात. लेख शोधताना असे दोन-चार जास्तीचे मासे चालतात. लिहिल्याबरहुकूम जुळणारे पान वर दाखवले की झाले. पण लाभार्थ्यांच्या यादीत नाव शोधताना ही सैल पद्धत धोक्याची. तिथे दोन माणसे एक मानली तर एकाचा हक्क दुसऱ्याला जाईल. आणि अगदी काटेकोर पद्धत ठेवली, तर नावातल्या एका वेलांटीपायी खऱ्या हक्कदाराला 'नाव नाही' असे उत्तर मिळेल. यादीपुढे सैल शोधाने संभाव्य नावे मांडावीत आणि निर्णय माणसाने घ्यावा, असे आमचे मत आहे. कुठे काय 'सारखे' मानायचे, हे गणित यंत्राचे नाही. ते भाषेचे आणि न्यायाचे आहे.

मोठी शोधयंत्रे आता हे बरेच सांभाळून घेतात, असा आक्षेप येईल. ते खरे आहे. पण शाळेचे, सोसायटीचे, पंचायतीचे, स्थानिक माहितीचे स्थळ ज्या शोधाच्या चौकटीवर चालते, ती बहुधा जुन्याच पद्धतीची असते. गावकऱ्याचे काम अडते ते तिथे.

बारामतीला हा विषय परका नाही. २००३ च्या सुमारास आयआयटी मुंबईने 'आक्वा' नावाचा उपक्रम सुरू केला. शेतकऱ्याने आपल्या भाषेत प्रश्न विचारावा आणि बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांनी उत्तर द्यावे, अशी त्याची योजना होती. त्यात प्रश्नाला माणूस उत्तर देत असे, आणि माणसाला 'उसाला' म्हणजे ऊसच हे सांगावे लागत नाही. २०२४ पासून बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या साह्याने चालवलेला उसातील कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग गाजतो आहे. उपग्रहाची चित्रे, हवामानाच्या नोंदी आणि मातीतील संवेदक यांवरून पाणी कधी द्यावे, खत कधी द्यावे, याचा सल्ला दिला जातो. कौतुकाची गोष्ट आहे. पण सल्ला शेवटी मराठी वाक्यातूनच शेतकऱ्यापर्यंत जाणार, आणि शेतकऱ्याचा उलट प्रश्नही मराठीतूनच येणार. वरचा मजला कितीही उंच बांधला, तरी पायातला हा दगड तपासून बसवावाच लागेल.

तो कोणी बसवायचा? आमच्यासारख्यांना प्रोग्रॅम लिहिता येतो, पण व्याकरण आम्ही दहावीनंतर सोडून दिलेले असते. शिक्षकांना व्याकरण येते, पण संगणक हा गणित-विज्ञानाच्या तासाचा विषय, असे मानून भाषेचे शिक्षक त्यापासून दूर राहतात. सामान्यरूप हा दोन गुणांचा प्रश्न म्हणून शिकवला जातो. एखाद्या शेतकऱ्याचे टिपण सापडणे किंवा न सापडणे त्यावर अवलंबून आहे, हे विद्यार्थ्यांना कळले तर त्या पाठाकडे पाहण्याची त्यांची दृष्टी बदलेल.

म्हणून वर्गात करण्याजोगा एक प्रयोग सुचवतो. त्याला संगणक लागत नाही. वर्तमानपत्राचे एक पान घ्या. ऊस, दूध, पाऊस, पाणी, विहीर, शेतकरी, गाव, मूल, बाजार, रस्ता असे दहा शब्द फळ्यावर लिहा. प्रत्येक गटाने त्या पानावर हे शब्द मूळ रूपात किती वेळा आले आणि बदललेल्या रूपात किती वेळा आले, हे मोजून दोन रकाने भरावेत. मग विचारा, नुसते मूळ रूप जुळवणाऱ्या यंत्राला यांतले किती शब्द दिसले असते? त्यानंतर बदललेल्या रूपावरून मूळ रूप काढण्याचे नियम मुलांनाच लिहायला सांगा, आणि नियमात न बसणाऱ्या शब्दांची यादी करायला सांगा. ती यादी कोणाही प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या उपयोगी पडेल.

नीरा डाव्या कालव्याला पाणी सुटले की वरच्या अंगाला ते दिसते. इंदापूरकडच्या टेलच्या शेतकऱ्याचा प्रश्न मात्र एकच असतो, आपल्यापर्यंत पोचले का? माहितीचेही तसेच आहे. आमच्या स्थळावर 'ऊस हुमणी' लिहिल्यावर आता ते टिपण पहिल्याने येते. आम्ही त्या मुलीला तसे कळवले. तिचे उत्तर आले, "मिळाले. पण या वर्षीचे भुंगेरे उडून गेले."