‘व्यावसायिक’ या विशेषणाची व्याप्ती : आरेखनासाठी ग्राफिक्स कार्डाची निवड

संगणकाच्या साहाय्याने आरेखन करणाऱ्या प्रणालींसाठी ग्राफिक्स कार्ड निवडावयाचे झाले, की खरेदीदारापुढे दोन वर्ग मांडले जातात : एक ‘गेमिंग’चा, दुसरा ‘व्यावसायिक’. हे वर्गीकरण इतके रूढ झाले आहे, की त्याचे लक्षण तपासून पाहण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. मात्र दोन्ही वर्गांच्या किमतींत पुष्कळदा कित्येक पटींचे अंतर असते आणि त्याचा भार विद्यार्थ्यावर किंवा मर्यादित अनुदानावर चालणाऱ्या प्रयोगशाळेवर पडतो. म्हणून हे विशेषण नेमके कशाचे द्योतक आहे, हा प्रश्न केवळ शब्दापुरता राहत नाही.

मराठी भाषकास हा शब्द अपरिचित नाही. ‘व्यावसायिक’ आणि ‘हौशी’ असा रंगभूमीचा भेद केला जातो, तो उपजीविकेच्या व्यवस्थेवरून, नाट्यगुणांवरून नव्हे. व्यावसायिक नाटक सरस असलेच पाहिजे, असे कोणी मानीत नाही. कार्डांच्या बाबतीत मात्र तेच विशेषण गुणवाचक समजले जाते. वस्तूच निराळी आहे, असा ग्रह होतो.

या ग्रहास इतिहासाचा आधार मिळत नाही. एनव्हीडिया कंपनीने १९९९ साली जीफोर्स २५६ हे कार्ड आणले आणि त्याच चिपच्या आधारे क्वाड्रो ही व्यावसायिक मालिका सुरू केली. २०२२ साली आलेली जीफोर्स आरटीएक्स ४०९० आणि आरटीएक्स ६००० एडा ही कार्डेही एडी१०२ या एकाच चिपवर उभारलेली आहेत; पहिल्यात स्मृती २४ गिगाबाइट, तर दुसऱ्यात ४८. याहून बोलके उदाहरण २०१७ मधील आहे. त्या वर्षी टायटन एक्सपी या कार्डासाठी कंपनीने नवा ड्रायव्हर दिला. कार्डाचा एकही घटक न बदलता मायासारख्या प्रणालींत त्याची गती तिपटीपर्यंत वाढते, असे कंपनीनेच जाहीर केले. भेद द्रव्यात नसून पुष्कळ अंशी आज्ञावलीत होता, याची ही कबुलीच होय.

तथापि यावरून ही संज्ञा निरर्थक ठरत नाही. सॉलिडवर्क्ससारख्या प्रणालीचे निर्माते विशिष्ट कार्ड आणि विशिष्ट ड्रायव्हर यांची जोडी तपासून तिला प्रमाणित करतात. त्या प्रणालीतील रिअलव्ह्यू ही प्रदर्शनाची सोय मान्यताप्राप्त कार्डांवरच खुली होते. प्रतिमानाची एखादी कड पडद्यावर चुकीची उमटली, तर दाद मागण्यास जागा असते. सारांश, ‘व्यावसायिक’ हे विशेषण प्राधान्याने वस्तूच्या गुणाचे नव्हे, तर हमीचे वाचक आहे. हमीलाही मूल्य असते. पण ते ज्याला हमीची गरज आहे त्याच्यासाठी.

‘व्यावसायिक असणे’ हेच आरेखनयोग्य कार्डाचे लक्षण मानल्यास न्यायशास्त्रातील दोन दोष उद्भवतात. ऑटोकॅडमध्ये द्विमितीय नकाशे काढणाऱ्याचे काम साध्या कार्डावरही सुरळीत चालते. ते कार्ड या लक्षणातून सुटते, ही अव्याप्ती. उलट, अल्प स्मृतीचे व्यावसायिक कार्ड मोठ्या दृश्याच्या प्रकाशचित्रणास अपुरे पडते. तरीही लक्षण त्याला सामावून घेते, ही अतिव्याप्ती.

तेव्हा लक्षण कामावरून करावयास हवे. पॅरामेट्रिक प्रतिमानातील एखादे माप बदलले, की त्यावर अवलंबून असलेले घटक क्रमाने पुन्हा घडवावे लागतात. हे काम मुख्यतः प्रोसेसरचे असून ते क्रमबद्ध असल्याने त्याच्या अनेक कोअरमध्येही फारसे वाटता येत नाही. तेथे महागडे कार्ड घेऊन प्रतीक्षा कमी होत नाही. हजारो सुट्या भागांची जुळणी पडद्यावर फिरवताना कार्डाची गती व ड्रायव्हरची विश्वसनीयता यांचा कस लागतो. येथे प्रमाणित जोडीसाठी मोजलेला पैसा सार्थ ठरू शकतो. कार्डावरच प्रकाशचित्रण करावयाचे असेल, तर चिपची गणनशक्ती आणि संपूर्ण दृश्य मावेल एवढी स्मृती या बाबी निर्णायक ठरतात. नावावरील विशेषण नव्हे.

विशेष हे, की २०२० पासूनच्या नव्या कार्डांवर एनव्हीडियाने क्वाड्रो हे नाव वापरणे सोडले. वर्ग मात्र टिकून राहिला. नाव गेले तरी भेद उरतो, कारण तो मुळात नावाचा नव्हताच. विक्रेता आणि ग्राहक यांच्यामधील कराराचा होता. खरेदीच्या टिपणात ‘व्यावसायिक कार्ड हवे’ एवढेच लिहिणे म्हणजे कराराची कलमे न वाचता सही करणे होय. कोणती प्रणाली, तिची कोणती आवृत्ती, केवढे प्रतिमान आणि चूक झाल्यास उत्तरदायी कोण, या चार प्रश्नांची उत्तरे आधी लिहिली गेली, तर विशेषणावर विसंबण्याची वेळ क्वचितच येईल.