परवानगी आता मोबाइलवर मिळते

भारतातून पहिल्यांदाच कुवेतला आलेल्या पाहुण्याला आपण सालमियात काय दाखवतो? मरीना मॉल, सायंटिफिक सेंटरमधलं मत्स्यालय, समुद्राकाठचा गल्फ रोड आणि वेळ उरलाच तर सालेम अल मुबारक रस्त्यावरची दुकानं. पाहुणा हमखास म्हणतो, "इथे कधी युद्ध झालं होतं असं वाटतच नाही!" आपण हे कौतुक समजून घेतो आणि त्याला कराक चहा पाजतो.

मला हे वाक्य तपासून पाहण्यासारखं वाटतं. युद्ध झालंय असं वाटू नये, यालाच आपण विकास म्हणायला लागलो आहोत का? इथे इमारती झपाट्याने उभ्या राहिल्या, यात शंका नाही. पण ज्या व्यवस्थेमुळे १९९०च्या ऑगस्टमध्ये लाखो परदेशी कामगार एका रात्रीत उघड्यावर आले, ती किती बदलली? आणि ती आपल्याला दिसत नाही, याला जबाबदार कोण?

आधी श्रेय द्यायचं तिथे देऊ. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी सैन्य कुवेतमध्ये घुसलं आणि २६ फेब्रुवारी १९९१ रोजी देश मुक्त झाला. माघार घेताना सैन्याने सहाशेहून अधिक तेलविहिरी पेटवल्या. शेवटची विहीर विझायला नोव्हेंबर उजाडला. राष्ट्रीय संग्रहालय लुटून जाळण्यात आलं. सहाशेच्या आसपास माणसं बेपत्ता झाली आणि त्यांतल्या कित्येकांचे अवशेष पुढे इराकमधल्या सामूहिक कबरींत सापडले. अशा देशाने पुन्हा उभं राहणं ही लहान गोष्ट नाही. २००५ मध्ये इथल्या स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळाला. २०११ मध्ये ४१३ मीटर उंचीचा अल हमरा मनोरा पुरा झाला. शहीद पार्कमध्ये झाडांच्या सावलीत युद्धाची आठवणही जपली आहे. हे सगळं खोटं आहे, असं मी म्हणत नाही.

पण विकासाचा एक प्रकार असा असतो की तो लांबून फार चांगला दिसतो. २०१९ मध्ये खुला झालेला शेख जाबेर पूल घ्या. समुद्रावरून सुमारे ३६ किलोमीटर जाणारा हा रस्ता सुबियाला पोहोचतो. तिथे जे 'रेशीम शहर' वसायचं होतं, ते अजून मुख्यत्वे आराखड्यातच आहे. पूल झाला, शहर राहिलं. २०२४च्या जूनमध्ये तर वाढत्या मागणीमुळे याच तेलसंपन्न देशाला भागाभागांत ठरवून वीज बंद करावी लागली. कोकणात किंवा मराठवाड्यात वाढलेल्यांना भारनियमन नवं नाही. पण जमिनीखाली तेलाचा एवढा साठा असताना उन्हाळ्यात दिवे जातात, तेव्हा गाठ पैशाशी नसते. नियोजन कशाला महत्त्व देतं, याच्याशी असते.

युद्धानंतरच्या या रंगरंगोटीचा सर्वांत बोलका दाखला कुवेतमध्ये नाही, इराकी कुर्दिस्तानात आहे. सद्दामच्याच राजवटीने १६ मार्च १९८८ रोजी हलबजा या गावावर विषारी वायू सोडला. सुमारे पाच हजार माणसं मेली. पुढे तिथे भव्य स्मारक झालं. दरवर्षी पुढारी आणि परदेशी पाहुणे येत, फुलं वाहत, फोटो काढत आणि परत जात. गावात मात्र धड रस्ते नव्हते की पाणी नव्हतं. २००६च्या १६ मार्चला, अठराव्या स्मृतिदिनीच, हलबजातल्या लोकांनी निदर्शनं केली आणि ते स्मारक पेटवून दिलं. ज्यांच्या मृतांच्या नावाने ते उभं होतं, त्यांनीच. गोळीबारात एक तरुण मारला गेला. स्मारक जाळणं योग्य की अयोग्य, हा वाद घालता येईल. पण त्यांचा प्रश्न साधा होता: आमच्या दुःखावर इमारत बांधलीत, आमच्या जगण्याचं काय?

हाच प्रश्न आपल्याकडच्या १९९०च्या आठवणीला विचारून पाहू. ती आठवण आज बहुतेकांच्या मनात 'एअरलिफ्ट' या २०१६च्या हिंदी चित्रपटाच्या रूपात आहे. एक बडा उद्योजक, त्याचं मनपरिवर्तन, झोपलेलं सरकार, आणि शेवटी अम्मानमध्ये फडकणारा तिरंगा. चित्रपट पकड घेतो. पण त्याने एका काल्पनिक नायकाला पुढे करून खरी हकिगत झाकली. तेव्हाच्या मुत्सद्द्यांनी त्यावर आक्षेप घेतले, ते रास्त होते. प्रत्यक्षात दूतावासातली माणसं, एअर इंडियाचे कर्मचारी आणि इथलेच अनेक भारतीय मिळून हे काम झालं. ५९ दिवसांत ४८८ उड्डाणं झाली आणि सुमारे पावणेदोन लाख माणसं मायदेशी पोहोचली. बहुतेकांनी बसराहून बगदाद आणि बगदादहून अम्मान असा प्रवास रस्त्याने केला होता.

माझी चित्रपटाबद्दलची मुख्य तक्रार मात्र वेगळी आहे. संकट आलं ते फक्त बंदूकधारी सैनिकाच्या रूपात, असं तो दाखवतो. सैनिक येण्याआधीच ही माणसं अधांतरी होती, हे तो विचारात घेत नाही. पासपोर्ट मालकाच्या तिजोरीत ठेवायची इथे सर्रास पद्धत होती. इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, कफीलच्या नावाशी बांधलेला. वीस वर्षं राबूनही या मातीवर कसलाच हक्क नाही. मालक पळाला की कामगाराचं अस्तित्वच कागदावरून पुसलं जात होतं. सद्दामने हे निर्माण केलं नाही, त्याने ते फक्त उघड्यावर आणलं.

नंतर भरपाई मिळाली. संयुक्त राष्ट्रांच्या भरपाई आयोगाने इराकच्या तेलाच्या उत्पन्नातून एकूण ५२.४ अब्ज डॉलर वाटले. शेवटचा हप्ता २०२२च्या जानेवारीत चुकता झाला. देश सोडावा लागल्याबद्दल एकट्या माणसाला अडीच हजार किंवा चार हजार डॉलर, अशी ठरावीक रक्कम होती. सामान्य माणसाचा दावा आधी निकाली काढणारी ही पद्धत त्या काळी खरोखर पुरोगामी होती. पण भरपाई इराकने दिली, इराकच्या अपराधाची. कफील पद्धतीचा हिशेब कोणी मागितलाच नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या गप्पांत क्वचितच येते. युद्धाआधी कुवेतमध्ये सुमारे चार लाख पॅलेस्टिनी राहत होते. शेजारच्या हवल्लीत तर त्यांचीच वस्ती. शिक्षक, अभियंते, कारकून म्हणून त्यांनी हा देश घडवायला हातभार लावला होता. त्यांच्या नेतृत्वाने सद्दामची बाजू घेतली आणि त्याची किंमत या सामान्य कुटुंबांनी मोजली. युद्धानंतर त्यांच्यातले फार थोडे उरले. जे काही पिढ्या इथे रुजले होते ते गेले. त्यांच्यामागे मोठ्या संख्येने आले ते आपल्यासारखे, करारावर येणारे आणि करार संपला की निमूट जाणारे लोक. आज भारतीयांची संख्या दहा लाखांच्या घरात आहे. सालमियातल्या आपल्या शाळा, किराणा दुकानं, गणपती यांची भरभराट काही अंशी या रिकाम्या झालेल्या जागेवर झाली आहे. यात आपला अपराध नाही, पण आपण इथे का चालतो, हे ठाऊक असलेलं बरं.

आता आजच्याकडे येऊ. १२ जून २०२४ रोजी पहाटे मंगफमधल्या कामगारांच्या इमारतीला आग लागली आणि पन्नासच्या आसपास माणसं गेली, त्यांत बहुसंख्य भारतीय. दोन दिवसांनी भारतीय हवाई दलाचं विमान ४५ मृतदेह घेऊन कोचीला उतरलं. १९९०च्या विमानांवर आपण चित्रपट काढला. या विमानावर कोणी काढेल असं वाटत नाही, कारण यात शत्रू परका नाही. एकेका खोलीत दाटीने माणसं ठेवणारी रोजची रीत हीच इथे आरोपी आहे.

त्याच वर्षी कुटुंब आणण्यासाठीची पगाराची अट ८०० दिनारांवर गेली. घरकाम करणाऱ्या बाईचं किमान वेतन २०१६ मध्ये ६० दिनार ठरलं होतं. हे दोन आकडे शेजारी ठेवले की कोणी मुलांसोबत राहावं आणि कोणी फोनवरून मुलं वाढवावी, हे कळतं.

आणि जुलै २०२५ पासून खासगी नोकरीतल्या, म्हणजे आपल्या बोलीत 'अठरा नंबर'च्या व्हिसावरच्या परदेशी माणसाला देशाबाहेर जायला मालकाची परवानगी लागते. आई गावी अत्यवस्थ असली तरी आधी परवानगी. ती अ‍ॅपवरून मागायची असते. बटण दाबा, मालक मंजूर करेल, रांग नाही, शिक्के नाहीत. केवढी सोय! वरवरचा विकास म्हणजे काय, हे समजावून सांगायला याहून नेमकं उदाहरण मला सापडलेलं नाही. परवानगी मोबाइलवर आली, पण परवानगी राहिलीच. १९९० मध्ये ज्यांना निघायचं होतं त्यांचे पासपोर्ट तिजोरीत होते. तिजोरीचं काम आता सर्व्हर करतो.

वाचकहो, तुमच्यापैकी बरेच जण दुबई, मस्कत, लंडन किंवा न्यू जर्सीत असाल. कुवेतच्या कारभारावर आपला अधिकार नाही आणि 'पाहुण्याने पायरी ओळखून राहावं' हा सल्ला मलाही ठाऊक आहे. पण कौतुकाचं माप तरी आपलं स्वतःचं असू शकतं. शहर किती पुढे गेलं हे विचारताना मनोऱ्याची उंची बाजूला ठेवू. इमारतीचा हारिस, म्हणजे राखणदार, रात्री कुठे झोपतो? पगार थकला तर तक्रार करून तो नोकरीत टिकतो का? उद्या पुन्हा पळायची वेळ आली, तर त्याचा पासपोर्ट त्याच्या हाती असेल का? अब्बासिया आणि मेहबूला इथे दाटीने राहणारी मराठी मुलं आपल्या गणपतीला येतात का? येत नसतील, तर वर्गणी आड येते की वाहन, की आपली नजर?

आणि एक काम मात्र नक्की आपल्या हातात आहे. १९९० मध्ये इथून अम्मानमार्गे घरी परतलेली पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. ती पुण्यात, ठाण्यात, रत्नागिरीत, सांगलीत आहे. त्यांच्यातले कित्येक पुन्हा इथे आले, त्याच अटींवर. त्यांना विमानाबद्दल सगळेच विचारतात. तुम्ही त्याआधीचं विचारा: पासपोर्ट कोणाकडे होता, पगार किती महिन्यांचा बुडाला, परत का आलात. आणि सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. चित्रपटाने जे गाळलं, ते त्यांच्याकडे अजून शिल्लक आहे.